माझा विषय, त्यांचा वर्ग

आमच्या कॉलेजात हजेरी घ्यायला कुणालाही तीन-चार मिनिटं पुरायची. इतिहासाचे एक सर होते, त्यांना पंधरा लागायची. रोल नंबर ते पुकारतच नसत. "नंबर कैद्यांना असतो," एवढं म्हणून मस्टर उघडायचे आणि शंभरेक मुलांची पूर्ण नावं वाचायचे. प्रत्येक नावानंतर मान वर करून त्या मुलाला शोधायचे आणि म्हणायचे, "आलात? बरं झालं."

माझा वर्ग शेजारीच होता. मध्ये नुसतं प्लायवूडचं पार्टिशन. मी इकडे मानवी हक्कांचा इतिहास शिकवत असताना तिकडून ती नावांची माळ ऐकू यायची, आणि माझ्या वर्गातली मुलं पेन थांबवून ऐकत बसायची. एकदा पहिल्या बाकावरच्या मुलाला मी विचारलं, "काय रे, तिकडे काय एवढं?"

"काही नाही सर," तो म्हणाला. "भारी वाटतं."

मानवी हक्क हा माझा विषय. पीएच.डी. त्यातच, एक पुस्तकही आहे, लायब्ररीत त्याच्या चार प्रती आहेत. आमचं घर गिरगावातलं, चार पिढ्यांचं. आजोबा हायकोर्टात, वडील बँकेत, घरात भिंतभर पुस्तकं. हे इतिहासाचे सर मात्र नगरकडच्या एका खेड्यातून आलेले, मराठी ख्रिस्ती. परळला रेल्वे पुलाजवळच्या एका जुन्या इमारतीत थोरल्या बहिणीबरोबर राहायचे. लग्न केलं नव्हतं. इतिहास शिकवायचे, पीएच.डी. नव्हती, आणि तीस वर्षांत एक लेख छापलेला नव्हता. विचारलं तर म्हणायचे, "लिहायला बसलो की दुसरी बाजू आठवते. मग पहिलं वाक्य खोडावं लागतं."

उंच, खांद्यात थोडे वाकलेले, बुशशर्टाचं वरचं बटण उन्हाळ्यातसुद्धा लावलेलं. सगळ्यांना 'तुम्ही' म्हणायचे. प्रिन्सिपॉलांना, शिपायांना, अकरावीच्या पोरांना, गेटजवळच्या कुत्र्यालासुद्धा. "बाजूला होता का जरा?" असं ते त्या कुत्र्याला विचारायचे आणि तो उठेपर्यंत थांबायचे. पेपर पेन्सिलीने तपासायचे. का, तर ज्याचा पेपर त्याला आपलं म्हणणं मांडायचा हक्क आहे, आणि त्याचं पटलं तर खोडता आलं पाहिजे. मुलं खरंच भांडायला यायची. कुणी दोन मार्क वाढवून जायचं. एकदा एक मुलगी वाद घालता घालता स्वतःचे तीन मार्क कमी करून हसत बाहेर पडलेली मी पाहिली आहे.

हे सगळं वेडेपणाचं आहे असं मी स्टाफरूममध्ये सांगायचो. लोक हसायचे, मलाही बरं वाटायचं. पण माझ्याकडे मार्कांसाठीसुद्धा कुणी भांडायला येत नव्हतं.

आमचं दोघांचं भांडण मात्र रोजचं. मी म्हणायचो, मानवी हक्क चर्चच्या विरोधात जन्मले. माणसाने धर्माचं जोखड झुगारलं तेव्हा कुठे तो हक्काची भाषा बोलायला लागला. ते डबा उघडता उघडता म्हणायचे, "अगदी बरोबर. पण चर्चविरुद्ध बोलायला त्यांनी शब्द कुठून आणले? राजा आणि भिकारी एकाच्याच हातून घडलेत, हे कुणाच्या घरात ऐकलं होतं त्यांनी? आमच्याच घरातून माल पळवला आणि आमच्याच दारावर फेकला. चांगलं केलं म्हणा."

"म्हणजे श्रेय तुम्हालाच."

"श्रेय नाही हो. गुन्हा जास्त मोठा होतो. ज्याला माहीत नव्हतं त्याचं सोडा. आम्हाला माहीत होतं."

त्यांच्या आजोबांनी धर्म बदलला होता. गावात पाण्याला शिवू देत नव्हते, मिशनच्या विहिरीवर देत होते. "आमच्या घरात आधी पाणी आलं, मग अक्षर, मग देव," ते सांगायचे. "क्रम तोच राहू द्या. लोक उलटा सांगतात." आणि लगेच पुढे, "चर्चमध्येसुद्धा आजोबा दारापाशीच बसायचे. तेही सांगत नाहीत लोक."

माझ्या दोनशे पानांत अशी एक विहीर नव्हती. मी सगळं वाचून मिळवलं होतं. त्यांना ते घरच्या जेवणासारखं पानात वाढलेलं मिळालं होतं, आणि ह्याचा मला राग यायचा. खरं तर काय मिळालं होतं त्यांना? दारापाशी बसणारा आजोबा. तरी मला हेवा वाटायचा.

एकदा त्यांनी मला रविवारी त्यांच्या चर्चमध्ये बोलावलं. माझ्या घरापासून दहा मिनिटांवर, लहानपणापासून बाहेरून पाहिलेलं, आत कधी गेलो नव्हतो. बायका नऊवारीत, पेटी-तबल्यावर भजनासारखी गाणी. ते माझ्या शेजारी उभं राहून बेसूर, पण खड्या आवाजात गात होते. मग पाळक उपदेशाला उभे राहिले. तरुण, चांगले बोलणारे. ते म्हणाले की आज जग ज्याला मानवी हक्क म्हणतं ते ख्रिस्ताने दिलेलं दान आहे.

ह्यांनी हात वर केला. वर्गात करतात तसा, सरळ, खांद्यातून.

पाळकांनी दुर्लक्ष केलं. हात खाली येईना. शेवटी ते म्हणाले, "बोला, भाऊ."

"एक शंका आहे. गुलाम भरलेली जहाजं बंदरातून निघाली तेव्हा आशीर्वाद द्यायला कोण उभं होतं?"

पाळक म्हणाले, "भाऊ, आपण चहाच्या वेळी बोलू या का?"

"गुलामांनाही हेच सांगत होते. नंतर बोलू."

मागच्या बाकावरून एक आजीबाई म्हणाल्या, "बसा हो खाली. दर रविवारी काय मेलं? पोरं भुकेली झालीत."

ते बसले. शरमेने नव्हे, आजीबाईंचा मान राखून. नंतर चहाला त्याच आजीबाईंनी त्यांच्या बशीत दोन बिस्किटं जास्तीची ठेवली, आणि पाळक त्यांच्या खांद्यावर हात ठेवून हसत उभे राहिले.

परतताना मी म्हणालो, "म्हणजे तुम्ही माझ्याच बाजूचे निघालात."

ते रस्त्यातच थांबले. "छे. तुम्हाला ते चुकलेले हवेत. मला ते सुधारलेले हवेत. ते माझे आहेत हो."

मी घरी आलो आणि दिवसभर कुणाशी धड बोललो नाही. आपली म्हणता येईल अशी एकही जागा मला आठवेना, जिथे मी उभा राहून हात वर केला असता, लोक चिडले असते आणि तरी मला बिस्किट दिलं असतं.

ते शनिवारी दुपारी एक तास घ्यायचे. टाइमटेबलमध्ये नसलेला. भूगोलाच्या जुन्या खोलीत, जिथे फाटके नकाशे गुंडाळून ठेवलेले असत. सुरुवातीला सात-आठ मुलं होती, नंतर चाळीस झाली, उभी राहायची. विषय दर वेळी वेगळा, प्रश्न एकच. नवा पूल असो, कायदा असो, कुणाचं लग्न असो, ते विचारायचे, "कुणाला विचारलंत?" कॉलेजात तो वाक्प्रचारच झाला. कॅन्टीनवाल्याने समोशाचा आकार कमी केला तर मुलं त्याला म्हणायची, "अण्णा, किसको पूछा?"

प्रणिता माझी विद्यार्थिनी. एम.ए.ला होती. करी रोडच्या चाळीत राहणारी, आजोबा गिरणीत होते, वडील लोअर परळच्या एका मॉलमध्ये सिक्युरिटीला. शिकवण्याच्या इतक्या वर्षांत अशी मुलगी मला एखाददुसरीच भेटली. तिचा प्रबंध माझ्याकडे होणार हे ठरलेलं होतं. विषयही मी दिला होता, जागतिक जाहीरनामा आणि आपली राज्यघटना, कलमवार तुलना.

एका सोमवारी ती आली आणि उभीच राहिली.

"सर, रागवू नका. मी विषय बदलू का?"

"कोणता घेतेस?"

"आमची चाळ पाडून टॉवर होतोय ना. संमतीपत्रावर सगळ्या सह्या पुरुषांच्याच आहेत, सर. मी चाळीतल्या बायकांना विचारणार आहे. त्यांना कुणी विचारलं होतं का म्हणून."

मला ताबडतोब कळलं की विषय उत्तम आहे. हेही कळलं की तो माझ्याकडून आलेला नाही.

"आणि मार्गदर्शक?" मी विचारलं.

तिने बांगडी फिरवली. "शनिवारच्या सरांनी सांगितलं की तुमच्याकडेच करावं, तुम्हीच त्यातले जाणकार आहात. पण मला त्यांच्याकडे करायचंय. म्हणून मीच तुम्हाला विचारायला आले."

त्यांनी माझं नाव सुचवलं होतं, आणि तरी ती त्यांच्याकडे जात होती. मी हसून "जा, जा" म्हणालो. आत काहीतरी आंबल्यासारखं झालं.

पुढच्या आठवड्यात मी प्रिन्सिपॉलांच्या केबिनमध्ये दुसऱ्याच कामाला गेलो होतो. उठता उठता म्हणालो, "शनिवारच्या तासाला जरा लक्ष द्यायला हवं, सर. धर्माचं बरंच येतं त्यात."

प्रिन्सिपॉल भित्रे होते. त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे? प्रचार वगैरे?"

"तसं नाही म्हणत मी. पण दिवस कसे आहेत तुम्हाला माहीत आहे."

"लिहून द्याल का? गोपनीय राहील."

मी लिहून दिलं. पाच ओळी. 'वर्गात धार्मिक स्वरूपाची मांडणी होत असल्याचे विद्यार्थ्यांच्या बोलण्यातून जाणवते.' त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. मी शब्दांचाच माणूस, कुठला खरा शब्द कुठे ठेवला की खोटं तयार होतं हे मला नेमकं माहीत होतं. खाली सही केली.

तीन जणांची समिती नेमली गेली. प्रिन्सिपॉल, उपप्राचार्य मॅडम आणि मॅनेजमेंटचे एक गृहस्थ. इकडे ह्यांना पत्र मिळालं. शनिवारचा तास चौकशी होईपर्यंत बंद. स्टाफरूममध्ये त्यांच्याभोवतीच्या खुर्च्या एकदम रिकाम्या झाल्या. चांगले चांगले लोक मोबाइलमध्ये डोकं घालून बसायला लागले. पत्रात लिहिलं होतं की आपलं म्हणणं मांडताना त्यांना एक सहकारी बरोबर आणता येईल.

ते माझ्याकडे आले.

"तुम्ही याल का?"

"मी?" माझा आवाज मलाच पातळ वाटला. "मी तर तुमच्या विरोधातला."

"म्हणूनच. वर्षानुवर्षं भांडताय माझ्याशी. माझं म्हणणं तुमच्याइतकं पाठ कुणाला आहे?"

नाही म्हणायला कारण सापडलं नाही. सापडलं असतं तर मी गेलो नसतो, हेही खरं.

समितीसमोर ते आधी उभे राहिले आणि म्हणाले, "ज्यांनी तक्रार केली ते इथे असायला हवेत. माणसावर पाठीमागे आरोप करू नये, एवढं तरी जग शिकलंय."

"ते गोपनीय आहे," प्रिन्सिपॉल म्हणाले आणि माझ्याकडे न बघण्याची फार काळजी घेतली.

"ठीक. मग मीही माझ्याकडून काही सांगणार नाही. मुलांनाच विचारा."

प्रणिता बाहेर बसली होती, वडिलांना घेऊन. ते ड्यूटीवरून थेट आलेले, निळ्या युनिफॉर्ममध्ये. मॅनेजमेंटच्या गृहस्थांनी त्यांना विचारलं की मुलीच्या वागण्यात, देवाधर्मात काही फरक जाणवला का.

त्यांनी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "साहेब, देवळात जाव नको म्हणान सरांनी सांगितल्यानी? नाय. चर्चात चल म्हणान सांगितल्यानी? नाय. फरक पडलो तो येवढोच. आधी मी घरात काय ठरवलंय, तर चेडू गप ऱ्हवायचा. आता ता माका इचारता, आवशीक इचारलास काय?"

उपप्राचार्य मॅडमना हसू आलं. "मग? विचारता का तिच्या आईला?"

"इचारूक लागता आता," ते म्हणाले. "तरास आसा, पण इचारतंय."

प्रणिताने वही पुढे केली. शनिवारच्या तासांची. प्रिन्सिपॉलांना तिचं अक्षर लागेना. त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. "तुम्ही वाचा, मोठ्याने."

मी वाचलं. तिने लिहिलं होतं:

'सर म्हणाले, दोन याद्या करा. डावीकडे: एका बेटावर एका पाद्र्याने मळेवाल्यांना चर्चमध्येच विचारलं, ही तुमच्याकडे मरेपर्यंत राबणारी माणसं, ही माणसं नाहीत का. उजवीकडे: दुसऱ्या बेटावर एका धर्मसंस्थेचाच मळा होता, आणि गुलामांच्या छातीवर संस्थेचं नाव डागलेलं होतं. डावीकडे: आपल्याकडे मुलींना शिकवायला मिशनच्या बायका घरोघरी फिरल्या. उजवीकडे: गोव्यात धर्माचं न्यायालय बसलं आणि माणसं जाळली. सर म्हणाले, दोन्ही याद्या एकच पुस्तक वाचणाऱ्यांनी लिहिल्या. आवडते तेवढीच यादी घरी नेऊ नका.

'मानवी हक्कांचा जाहीरनामा लिहिताना त्यात देवाचं नाव घालायचं का यावर वाद झाला. शेवटी नाही घातलं. वैशाली म्हणाली, सर, तुम्हाला वाईट नाही वाटत? सर म्हणाले, मुलीने स्वतःचं घर मांडलं, तर बापाने तिच्या दारावर आपल्या नावाची पाटी मागू नये. अधूनमधून जेवायला बोलावलं तरी पुष्कळ.'

मी वाचून वही मिटली. मी त्या क्षणीसुद्धा हेच मोजत होतो की माझ्या पुस्तकाचं तिसरं आणि चौथं प्रकरण मिळून साठ पानं आहेत, आणि ह्या माणसाने ते एका पाटीत सांगितलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते खिडकीतून बाहेर क्रेनकडे बघत होते, वाट चुकून आलेल्या माणसासारखे.

समितीने 'तथ्य आढळले नाही' असं लिहिलं. पण शनिवारचा तास परत सुरू करायची परवानगी दिली नाही. "कशाला उगाच," प्रिन्सिपॉल म्हणाले. ती खोली नव्या कम्प्युटरांना दिली गेली. काही मुलं एक-दोनदा पायऱ्यांवर जमली, मग परीक्षा आल्या, मग पांगली.

त्याच आठवड्यात मी त्यांना सांगितलं. भर दुपारी, परळच्या पुलाखाली, उसाच्या रसाच्या गाडीपाशी. ते माझे आभार मानत होते. "तुम्ही वाचलंत म्हणून ते ऐकू तरी गेलं," म्हणत होते. मला ते सहन होईना.

"तक्रार मी केली होती."

त्यांना आधी समजलंच नाही. मग त्यांनी ग्लास गाडीवर ठेवला.

"का?"

"तुमचा हेवा वाटतो मला. पहिल्यापासून."

"माझा?" त्यांनी खरोखरच स्वतःकडे, बुशशर्टाकडे, चपलांकडे पाहिलं. "आहे काय माझ्याकडे?" आणि मग चेहरा बदलत गेला. मी त्यांना रागावलेलं कधी पाहिलं नव्हतं. ओठ पांढरे झाले होते. "एक तास होता," ते म्हणाले. "आठवड्यातून एक. तेवढाच होता माझ्याकडे. तो नेलास तू."

तू म्हणाले. माझ्या कानशिलात बसल्यासारखं झालं.

"माफ करा," मी म्हणालो.

"नाही." ते मान हलवत राहिले. "आत्ता करतो म्हटलं तर ते खोटं होईल. आम्हा लोकांना माफीची फार घाई असते, माहीत आहे ना? मालकाने मारायचं आणि गुलामाने रविवारी माफ करायचं. माफी मागायचा हक्क तुम्हाला आहे. द्यायची कधी, ते माझ्याकडे राहू द्या." आणि रस तसाच ठेवून ते निघून गेले.

त्यानंतर अकरा महिने ते माझ्याशी पूर्ण सभ्यतेने वागले. नमस्कार करायचे, वर्तमानपत्र द्यायचे. वाद मात्र घालत नव्हते. मी काही मुद्दा काढला तर म्हणायचे, "असेल." प्रणिताचा प्रबंध पूर्ण झाला, फार चांगला झाला. चाळीतल्या एकोणीस बायकांनी तिच्या पुढाकाराने आपलं म्हणणं बिल्डरकडे लेखी दिलं. तोंडी परीक्षेला परीक्षक म्हणून मी होतो. मी तिला जितके देता येतील तितके मार्क दिले, आणि देताना मला कळत होतं की हे मी तिला देत नाही.

तक्रार माझी होती हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. आणि मला तसं कळूही दिलं नाही की ते सांगणार नाहीत. ते अकरा महिने मी रोज त्यांच्या चेहऱ्याकडे बघत काढले.

मग एके दिवशी मधल्या सुट्टीत ते आले, माझ्यासमोर बसले, डब्याचं झाकण काढलं आणि म्हणाले, "आज झालं."

"काय?"

"माफ. सकाळी दादरला भाजी घेत होतो. बाई मेथीच्या जुडीत कालचीच मेथी घालत होती, तिच्यावर चिडलो. चिडता चिडता लक्षात आलं की तुमच्यावरचा राग जाग्यावर नाही. शोधला जरा. नाही सापडला." त्यांनी मला अर्धी पोळी काढून दिली. "तुमच्या चौथ्या प्रकरणात एक चूक आहे, बरं का. कधीपासून सांगायचं होतं."

मी पोळी घेतली. तिथेच बसून चौथ्या प्रकरणावर आम्ही घंटा होईपर्यंत भांडलो, आणि चूक खरंच होती.

पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले आणि बहिणीला घेऊन गावी गेले. नाताळात फोन येतो. तिकडच्या शाळेत जाऊन हेडमास्तरांना छळतात असं ऐकलं. मी अजून शिकवतो. लोक मला विचारतात, त्यांच्याशी तुमचं एवढं जमायचं कसं, आणि मी काहीतरी सांगून वेळ मारून नेतो.

त्यांची रागातून सुटका झाली, कारण माझ्या हातून त्यांचं वाईट झालं होतं आणि ते माफ करता येण्यासारखं होतं. मी कितीदा तरी बसून आठवून पाहिलं आहे, त्यांनी माझं काय वाईट केलं. एकही गोष्ट सापडत नाही. माफ करायलाच काही नाही, तर हेवा सुटणार कसा? तो तसाच आहे.